पत्ता नको, आधी एक माणूस शोधा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकटा भाऊ ३८ वर्षांचा, कराडच्या पुढे पाटण खोऱ्यात गाव. पंधरा वर्षं पितोय, शेवटची चार वर्षं तर सकाळी तोंड धुण्याआधीच. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून तीन आठवड्यांपूर्वी घरी आलाय आणि अजून घेतलेली नाही. डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलंय, 'एए मीटिंगला नियमित जाणे'. एए म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या आधाराने चालवलेले गट. त्यांची मीटिंग कुठे भरते, कुणाला विचारायचं, हे कुणी सांगितलं नाही. मेडिकलवाल्याला विचारलंत, त्यालाही माहीत नाही. मोबाईलवर शोधलंत तर मुंबई-पुण्याचे पत्ते आणि 'घरी येऊन पेशंट घेऊन जाऊ' अशा जाहिराती आल्या. त्यात भाऊ म्हणतो, तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर गावभर होईल.

व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून मला सव्वीस वर्षं झाली. कागदावरची ती शेवटची ओळ मीही शेकडो वेळा लिहिली आहे, आणि ती लिहून आपलं काम झालं असं मलाही सुरुवातीला वाटायचं. म्हणून उत्तर जरा लांबेल.

मीटिंगकडे वळण्याआधी एक सांगतो. तीन आठवडे कोरडे गेलेत, म्हणजे दारू सुटतानाचा शरीराचा धोक्याचा काळ मागे पडला आहे. पण उद्या तो घसरला, आठ-दहा दिवस रोज प्यायला आणि मग घाबरून एकदम बंद केली, तर गाठ पुन्हा त्याच धोक्याशी आहे. बंद केल्यापासून पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हात थरथरणं, घाम, ताप, आणि नसलेली माणसं-जनावरं दिसणं सुरू होऊ शकतं. घरचे म्हणतात बाहेरचं लागलंय, अंगारा लावतात, आणि त्या दोन दिवसांत माणूस दगावतो. असं काही दिसलं तर मीटिंग, फोन, समजावणं सगळं बाजूला ठेवून थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना 'रोज पीत होता, परवापासून बंद केली' हे स्पष्ट शब्दांत सांगा. लपवू नका. त्या एका वाक्यावर त्यांचे उपचार ठरतात.

आता मीटिंग. या कामात नवा होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. एक एसटीचे चालक उपचार संपवून घरी निघाले होते. मी चिठ्ठीवर एका शाळेचा पत्ता, वार आणि वेळ लिहून दिली. गडी प्रामाणिक. ठरलेल्या संध्याकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन बस बदलून त्या शाळेपाशी पोचला. पुढचं फाटक बंद. मीटिंगवाले मागच्या दाराने जात असत, ते मला ठाऊक नव्हतं. वॉचमनने विचारलं, 'कुणाकडे जायचंय?' याच्या तोंडून शब्द फुटेना. काय सांगणार? 'दारू सुटलेल्यांकडे'? चिठ्ठी खिशात घालून तो परत फिरला. शाळा आणि स्टँड यांच्यामध्ये दोन परमिट रूम होत्या. पहिली ओलांडली, दुसरी ओलांडता आली नाही. चार महिन्यांनी पुन्हा भरती झाला तेव्हा हे त्याने मला सांगितलं, तेही माझी काही चूक नाही असं म्हणत. चूक माझीच होती. त्या दिवसापासून मी कुणाला नुसता पत्ता दिलेला नाही. एक नंबर देतो आणि त्या नंबरच्या माणसाला आधी सांगून ठेवतो की अमुक दिवशी फाटकापाशी उभा राहा.

तेव्हा तुम्ही 'मीटिंग कुठे आहे' हे शोधू नका. दारू सोडलेला, सोडून काही वर्षं झालेला, मीटिंगला जाणारा एक माणूस शोधा. मीटिंग त्याच्या मागोमाग सापडते.

एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, हे सगळं सुरू झालं तेच अशा शोधातून. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस, जेमतेम पाच महिने दारूपासून लांब होता. मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी तो अमेरिकेतल्याच ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला. काम फसलं. खिसा रिकामा, परकं गाव, शनिवार-रविवार समोर, आणि हॉटेलातल्या बारमधून हसण्याचे आवाज येताहेत. आपण आता पिणार हे त्याला कळलं, तसंच हेही कळलं की दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललो तरच आपण वाचू. त्याने बारऐवजी फोन गाठला आणि गावातल्या चर्चना एकेक करून फोन लावत सुटला: मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय, ओळख करून द्याल का? त्या फोनांच्या साखळीतून त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. डॉक्टर पंधरा मिनिटं बसणार म्हणून आले आणि काही तास बोलत राहिले. १० जून १९३५ हा डॉ. बॉबच्या शेवटच्या प्याल्याचा दिवस, आणि तोच एएचा स्थापना दिवस धरला जातो. पुढे १९५७ मध्ये हे लोण मुंबईला पोचलं. तुमच्या भावाला आज जे हवंय तेच बिलला त्या हॉटेलात हवं होतं. म्हणून एएच्या माणसाला रात्री दहा वाजता अनोळखी फोन आला तरी तो वैतागत नाही. नव्या माणसाशी बोलणं हे त्याचं स्वतःचं औषध आहे. तुम्ही त्याच्यावर ओझं टाकताय असं मुळीच मनात आणू नका.

आता हा माणूस गाठायचा कसा? सगळ्यांत जवळचा रस्ता म्हणजे भाऊ ज्या केंद्रातून आला तेच केंद्र. तिथल्या समुपदेशकाला फोन करून विचारा: तुमच्याकडून उपचार घेऊन गेलेला, सातारा-सांगली-कोल्हापूर या पट्ट्यातला, चांगला राहिलेला कुणी आहे का? त्याची परवानगी घेऊन नंबर द्याल का? 'परवानगी घेऊन' हे शब्द आवर्जून वापरा. त्याशिवाय कुठलंही बरं केंद्र नंबर देणार नाही, आणि देऊही नये. चांगल्या केंद्रांचा स्वतःचा पाठपुरावाही असतो. पुण्याच्या मुक्तांगणचं उदाहरण घ्या. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर ते सुरू केलं, आणि उपचार घेऊन गेलेल्यांसाठी त्यांच्या पाठपुराव्याच्या बैठका पुण्याबाहेरच्या गावांतही होत आल्या आहेत. फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचं कामही एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारू सोडून सावरण्याचा टप्प्याटप्प्याचा मार्ग, आणि योग यांच्या पायावर उभं आहे, त्यामुळे तिथल्या लोकांचं एएशी घरोब्याचं नातं असतं. भाऊ या संस्थांमध्ये राहिलेला नसला तरी फोन करून आपल्या भागातल्या बैठकांबद्दल विचारायला काहीच हरकत नाही.

दुसरा रस्ता एएचाच. भारतातल्या एएचं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे, आणि मोठ्या शहरांत आजूबाजूच्या गटांना जोडणारी 'इंटरग्रुप' नावाची व्यवस्था असते. त्यांच्या संकेतस्थळावरून नंबर घ्या आणि फोन करून चार नावं सांगा: कराड, सातारा, सांगली, कोल्हापूर. छापील किंवा मोबाईलवरच्या यादीवर विसंबू नका. गट बंद पडतात, शाळेची खोली बदलते, वार बदलतो, यादी मात्र जुनीच राहते. त्यामुळे यादीत गाव सापडलं तरी फोन कराच, आणि सापडलं नाही तरीही करा.

फोनवर काय विचारायचं? मीटिंग या आठवड्यात नक्की आहे का, कितीला सुरू होते, कुठल्या दाराने आत जायचं, बोलणं मराठीत चालतं का, आणि ती खुली आहे की बंद. खुल्या मीटिंगला घरची माणसं, विद्यार्थी, माझ्यासारखे समुपदेशक कुणीही बसू शकतात. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःचं पिणं थांबवायचंय त्यांच्यासाठी. तुम्ही सोबत जाणार असाल तर हा फरक आधी माहीत हवा, नाहीतर दारात अवघडल्यासारखं होतं. आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं: 'स्टँडवर किंवा फाटकापाशी कुणी भेटेल का?' हे विचारायला लाजू नका.

फोन शक्यतो भावानेच करावा. तुम्ही केलात तर पलीकडून बहुतेक एकच प्रश्न येईल, 'त्यांना स्वतःला थांबवायचंय का?' हा तुसडेपणा नाही. पिणाऱ्याच्या वतीने त्याची आई, बायको, बहीण वर्षानुवर्षं सगळं करत आलेली असते: साहेबांना फोन, उधारी चुकती, शेजाऱ्यांची माफी. हा एक फोन तरी त्याचा स्वतःचा असावा असं त्यांना वाटतं. बोलायला सुचत नसेल तर एवढं पुरे: 'मला पिणं थांबवायचंय, तीन आठवडे झालेत, भीती वाटतेय.'

याशिवाय जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत विचारा. केसपेपर काढायची गरज नाही, तिथल्या सामाजिक कार्यकर्त्याला भेटा. त्याच्या टेबलाच्या खणात असे दोन-चार नंबर असतात. व्यसनमुक्तीसाठीची सरकारची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि रात्री-अपरात्रीही फोन उचलला जातो.

आणि त्या जाहिराती. यावर मी कडक बोलणार आहे. एएची वर्गणी नसते, प्रवेश फी नसते, नावनोंदणी नसते. 'एए मीटिंग' म्हणून फोन लावलात आणि पलीकडच्याने पॅकेज, डिपॉझिट किंवा 'गाडी पाठवतो' हे शब्द काढले तर फोन ठेवून द्या, ते एए नव्हे. तीन आठवडे स्वतःहून न पिणाऱ्या माणसाला चार जणांनी उचलून गाडीत घालणं हे उपचारही नाहीत आणि कायद्यातही बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे, आणि माणसाला भरती कशी करायची याची रीत त्यात घालून दिलेली आहे. घाबरलेल्या घरच्यांच्या हातून असे निर्णय एका रात्रीत होतात आणि भावाबहिणीतला विश्वास पुढे वर्षानुवर्षं जुळत नाही.

आता त्याच्या भीतीकडे येऊ. गावभर होईल, असं तो म्हणतो. त्याला हळूच विचारा, तो पितो हे गावात कुणाला माहीत नाही? पारावर झोपलेला कुणी पाहिला नाही? गावाला त्याचं पिणं पंधरा वर्षं माहीत आहे. कळलं तर एवढंच कळेल की तो बंद करायला जातोय. तरीही त्याची लाज खरी आहे, तिची चेष्टा करू नका. पहिले दोन-तीन महिने जवळची मीटिंग सोडून लांबच्या गावातली गाठायला हरकत नाही. पाटणचा माणूस साताऱ्यात किंवा कोल्हापुरात जाऊन बसला तर ओळखीचं कुणी भेटण्याची शक्यता कमी. भेटलंच, तर तोही त्याच कामासाठी आलेला असतो, आणि तोही तितकाच दचकतो.

खोलीत काय होतं ते त्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे निम्मी भीती जाईल. बहुतेक गट संध्याकाळी सात-साडेसातला भरतात, कारण हीच पिण्याची वेळ. जागा म्हणजे नगरपालिकेच्या शाळेचा वर्ग, चर्चमागची खोली, एखाद्या दवाखान्याचा हॉल. तिसरीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली दहा-पंधरा मोठी माणसं, फळ्यावर सकाळचं गणित तसंच, आणि शेजारी बारा पायऱ्या लिहिलेला कापडी फलक. सुरुवातीला थोडं वाचन होतं. मग एकेक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो, बाकीचे त्याला नावाने नमस्कार घालतात. मग तो स्वतःचं सांगतो: कसा प्यायचो, काय झालं, आता कसा आहे. याला सगळे 'शेअरिंग' म्हणतात. कुणी मध्ये बोलत नाही, कुणी सल्ला देत नाही, 'तू चुकलास' म्हणत नाही. नव्या माणसाने बोललंच पाहिजे असं नाही. 'आज फक्त ऐकतो' म्हटलं की पुरे. मधे एक पिशवी फिरते, त्यात ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो. खोलीचं भाडं आणि चहा त्यातूनच निघतो. बाहेरची देणगी एए घेत नाही. पहिल्या दिवशी काही टाकू नकोस असंच त्याला सांगतील. हजेरीपट नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. सदस्य व्हायला एकच अट, पिणं थांबवायची इच्छा. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, हा तिथला रिवाज.

शेवटी उभं राहून प्रार्थना होते. बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती, बदलता येतं ते बदलायची हिंमत आणि दोन्हींतला फरक ओळखायची अक्कल दे, एवढंच तिचं मागणं. देवावर विश्वास नसलेले कितीतरी लोक मी तिथे वीस-वीस वर्षं टिकलेले पाहिलेत. पायऱ्यांमध्ये देवाचा शब्द येतो तो 'आम्हाला समजला तसा' या जोडीने. कुणी विठोबा मानतो, कुणी येशू, कुणी नुसता समोर बसलेला गट.

खरी मीटिंग मात्र त्यानंतर बाहेर चहाच्या गाडीवर होते. तिथे कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारेल, 'रात्री झोप लागते का? अकराच्या सुमाराला तलफ येते ना?' हे त्याला आजवर तुम्ही विचारलेलं नाही, मी विचारलं तरी त्याला पुस्तकी वाटेल. अकराला तलफ येते हे ज्याला स्वतः आलीय तोच जाणतो. त्याच गाडीवर नंबरांची देवाणघेवाण होते. पुढे यातलाच एखादा जुना माणूस त्याचा 'स्पॉन्सर' होतो, म्हणजे पायऱ्यांची वाट आधी चाललेला सोबती. म्हणून मीटिंग संपली की लगेच बस पकडायला पळू देऊ नका. शेवटची गाडी कितीची आहे ते आधी बघून ठेवा. सुटलीच, तर मुक्कामाची सोय कुणाकडे तरी असू द्या. गेल्या इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली: चहाला थांबणारे टिकतात, प्रार्थना झाली की निसटणारे सहसा टिकत नाहीत.

आपल्याकडे कुणी म्हणेल, एवढं कशाला, माळ घालू दे, दारू आपोआप सुटेल. मी माळेला हसत नाही. तुमच्या-माझ्या गावात माळ घालून सुटलेले लोक आहेत, आणि ते का टिकले याचा मी बराच विचार केला आहे. त्यांच्यापैकी जे भजनाला बसू लागले, एकादशीला चार जणांत दिसू लागले, आषाढीला दिंडीत चालले, त्यांची माळ टिकली. माळ घालून जो घरी एकटाच बसला, त्याची माळ सहा महिन्यांत खुंटीला लागली. तुळशीच्या मण्यांइतकंच संध्याकाळी सातला वाट बघणाऱ्या माणसांचंही ते काम आहे. तुमच्या भावाला माळ घालायची असेल तर जरूर घालू द्या, मीटिंग आणि माळ यांचं भांडण नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्याही चालू राहू द्या. मीटिंगला गेलं की औषध बंद करायचं असा गैरसमज काही जुन्या सदस्यांचाही असतो. एएची ती भूमिका नाही, औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. डायसल्फिरम नावाची गोळी घेतलेली असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. ही गोळी भाजीत किंवा चहात लपवून देणाऱ्या माऊल्या मला दरवर्षी भेटतात. कळवळ्यापोटी देतात, आणि माणूस अतिदक्षता विभागात जातो. त्याला न सांगता कधीही देऊ नका.

याचा उपयोग होतो याला काही पुरावा आहे का, असं तुमचे यजमान विचारतात असं लिहिलंय. आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांचा एकत्र आढावा घेतला. एएकडे नीट वळवणाऱ्या पद्धतशीर उपचारांनंतर वर्षभराने ४२ टक्के लोक पूर्ण कोरडे होते, इतर समुपदेशन घेतलेल्यांत ३५ टक्के. फरक चमत्काराचा नाही, पण एए फुकट आहे आणि आयुष्यभर दार उघडं ठेवतं. आपल्या देशात दुसरं फारसं काही हाताशीही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. तुमचा भाऊ त्या मोजक्यांपैकी एक आहे.

एका मीटिंगवरून मत बनवू देऊ नका. गटागटाचा स्वभाव वेगळा असतो. कुठे सगळे पेन्शनर, कुठे तरुण, कुठे एकच माणूस तासभर बोलतो. किमान सहा मीटिंग आणि जमल्यास दोन वेगळे गट बघून मग ठरवावं. पहिल्या वेळी तो परत आल्यावर 'काय झालं, कोण होतं?' असं विचारू नका. पानावर वाढा आणि त्याला जेवढं सांगायचंय तेवढं सांगू द्या.

जवळपास गटच नसेल तर? हे शक्य आहे, खेड्यांपर्यंत एए फार पोचलेलं नाही. कोविडच्या काळापासून मोबाईलवर मीटिंग भरू लागल्या आणि त्या पुढेही चालू राहिल्या. मराठीतल्या मीटिंगची लिंक इंटरग्रुपला फोन केलात की मिळेल. दुबईत किंवा लंडनमध्ये असलेली मराठी माणसंही अशा मीटिंगना येऊन बसतात, कारण परक्या भाषेत रडणं जमत नाही. आठवड्यात दोन मीटिंग मोबाईलवर आणि पंधरवड्यातून एक प्रत्यक्ष, असा मेळ मी डोंगराकडच्या कित्येक जणांना घालून दिला आहे. रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसणारा एक शेतकरी मला माहीत आहे. चार वर्षं झाली, अजून कोरडा आहे. आणि एएच्या परंपरेप्रमाणे दोन-तीन मद्यपी न पिण्यासाठी एकत्र बसले तरी तो गट होतो. केंद्राकडून तुमच्या तालुक्यातले दोन नंबर मिळाले, तर दर गुरुवारी एखाद्या देवळाच्या ओवरीत तिघांनी बसावं. सुरुवातीला जुन्या गटातला कुणी येऊन वाचन कसं करायचं ते दाखवून जातो. एएशिवायचेही मार्ग आहेत. गडचिरोलीत मुक्तिपथ या उपक्रमाने गावातच शिबिरं आणि तालुक्याला क्लिनिक असा रस्ता काढला आहे. पण आज, तुमच्या खोऱ्यात, तीन माणसं आणि एक ओवरी हे जास्त लवकर जमेल.

तुमच्याबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे. बिलची बायको लोइस हिने १९५१ मध्ये ती सुरू करण्यात पुढाकार घेतला, आणि आपल्याकडेही तिचे गट आहेत. पत्नींसाठी मुक्तांगणचा 'सहचरी' गट आहे. तुमच्या वहिनीला त्याची माहिती द्या, रोज त्याच्या तोंडाचा वास घेऊन दिवस सुरू करणारी बाई तीच आहे. भाऊ मीटिंगला जायला तयार नसला तरी तुम्ही दोघी अल-अ‍ॅनॉनला जाऊ शकता, त्याची परवानगी लागत नाही. एवढंच लक्षात घ्या, तिथे त्याला सुधारायची युक्ती शिकवत नाहीत. तुम्हाला झोप कशी लागेल यावर ते बोलतात.

आणि मधेच तो प्यायला तर? होऊ शकतं. मीटिंगचं दार त्याने बंद होत नाही. प्यायलेल्या अवस्थेत आलेल्याला बहुतेक गट मागच्या बाकावर बसून ऐकू देतात, त्या दिवशी बोलू नको इतकंच सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवरून त्याला फोन येतो. 'परत शून्यापासून' असं घरात कुणी म्हणू नका. हे तीन आठवडे त्याने खरेच काढलेत, ते कुणी पुसू शकत नाही.

आज बुधवार. सकाळी अकरानंतर आधी केंद्राला फोन लावा, मग इंटरग्रुपला. नंबर मिळाला की पंचांगाच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनशेजारी ठेवा. संध्याकाळी सहाच्या आधी, त्याचं अंग सैरभैर व्हायच्या वेळेला, कागद त्याच्या हातात द्या आणि तुम्ही परसात जा. तो लगेच करणार नाही, कागद उलटासुलटा करील, पाणी पिईल. थांबा. पलीकडून जो बोलेल तो पहिल्यांदा त्याचं नाव विचारेल, आणि मग विचारेल, 'जेवलास का?'